नावामागे एक चटई

"शिंकलास तर दोघं बी खाली," दगडू म्हणाला.

माझ्या पाठीवर शिकेकाईचे पोते बांधलेले होते आणि पायाखाली कड्यात खोदलेल्या पायऱ्या. एका पायापुरती एक पायरी, आणि मधोमध झिजून बशीसारखी झालेली. कुणी खोदल्या ठाऊक नाही. दगडू माझ्या खाली दोन पायऱ्यांवर होता आणि वारा वरून खाली वाहत होता. वाळल्या शिकेकाईची धूळ सगळी त्याच्याकडे जात होती.

"मी कशाला शिंकतो? मला सवय हाय," मी म्हणालो. "तूच नाक धर."

"नाक धरू का दगड धरू? हात दोनच हायेत." आणि तो शिंकला. एका हाताने दगड धरून, सबंध डोंगर हलेल असा शिंकला. खालच्या झाडीतून दोन रानकोंबड्या फडफडत उडाल्या.

"बघ, कोंबड्या पण उठल्या," मी म्हणालो.

"उठंनात. मी उठलोय तं त्यांनी का झोपावा?"

नुकते उजाडत होते. माहुलीच्या रांगेत डोंगराच्या कमरेला आमची माची आहे, पंधरा उंबऱ्यांची. तिथून कल्याण बारा कोस. फटफटताना निघाले तर दिवेलागणीला धर्मशाळेच्या ओट्यावर पाठ टेकता येते. दर माघात मी ही वाट चालत असे. माघात शिकेकाई वाळते. ती पोत्यात भरायची, कल्याणला काष्ठौषधीच्या दुकानात घालायची, आणि मीठ, गूळ, कापड घेऊन दुसऱ्या दिवशी डोंगराकडे तोंड करायचे. वय पन्नाशीच्या पुढे गेले होते, पण पाय अजून कुरकुरत नव्हते. उतरणीवर गुडघे थोडे बोलत, इतकेच.

त्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, मला शिकेकाईखेरीज आणखी एक काम होते. ते मी कुणालाच सांगितले नव्हते. दगडूला वास आला होता.

"आज रथसप्तमी," पायऱ्या संपून वाट कारवीच्या रानात शिरली तेव्हा तो म्हणाला. "दरसाल तू पुनवेच्या पुढं जातोस. औंदा घाई का?"

"धर्मशाळेतले अण्णा उद्या जातात. डोंबिवलीला, लेकीकडं. कायमचे."

"म्हणून? ते काय तुझे सोयरे हायेत?"

"बावीस वर्सं त्यांनी मला चटई दिली."

"चटई तं धर्मशाळेची."

"देणारा हात त्यांचा."

दगडूने मान हलवली. त्याला ते पटले नव्हते, पण पुढची चढण आली आणि बोलणे राहिले.

खरी गोष्ट अशी होती. त्या धर्मशाळेत एक वही असे. उतरणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि कामकाज अण्णा तीत लिहीत. नावामागे एक चटई, हा तिथला नियम. नाव नाही, तर चटई नाही. ज्याला लिहिता येई तो सही करी. मी डावा अंगठा उठवी. मागच्या पंधरवड्यात आमच्या पायथ्याच्या गावचा एक माणूस कल्याणहून आला, तो सांगू लागला की अण्णा चालले आणि माळ्यावरच्या जुन्या वह्या आता रद्दीत जाणार. ते ऐकले आणि मला दोन रात्री झोप नाही. कारण त्या वह्यांपैकी एकीत मालनच्या आईचे नाव होते. उभ्या जगात ते लिहिलेले तेवढ्या एका ठिकाणीच होते.

मालनची आई म्हणजे माझी बायको. मालन ही आमची एकुलती लेक, ती शहापूरपल्याड दिली आहे. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही ही रीत सगळीकडेच होती. आमच्या माचीवर नवराही बायकोचे नाव घेत नसे. घेतले तर तिचे आयुष्य घटते, असे माझी आई म्हणे. म्हणून मी ते कधी तोंडातून बाहेर काढले नाही. हाक मारायची तर "अगं", नाहीतर "ऐकलास का". गावाला ती मालनची आई, दगडूला वहिनी. नावाने तिला फक्त माझी आई बोलावी, आणि आई जाऊन किती वर्षे झाली होती. मतांच्या यादीवाला माचीवर आला तेव्हा मी रानात होतो. त्याने नाव विचारले तर हिने दाराआडून सांगितले, "लिवा, मालनची आई." त्याने तसेच लिहून नेले. पुढे म्हणे त्या नावावर वरच्यांनी काट मारली. असली नावे चालत नाहीत म्हणून.

एवढे जपूनही आयुष्य काही वाढले नाही. त्याच साली श्रावणात ती तापाने गेली. ओढे भरलेले, वाट बंद, खाली नेता आले नाही. आता त्याला सहा वर्षे होत आली. ते दुःख मी चालून चालून बोथट केले आहे. डोंगरातल्या माणसाला तेवढा एक उपाय असतो.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन आले होते. खिंडीत दगडांची रास आहे. जाणाऱ्याने एक दगड टाकायचा, म्हणजे पाय शिणत नाहीत. दगडूने लहानसा खडा टाकला.

"एवढुसा?" मी म्हणालो.

"मी खडवलीपर्यंतच जातोय. बहिणीकडं. तू टाक मोठा, तुला कल्याण गाठायचाय."

मी एक टाकला आणि जरा थांबून दुसरा टाकला. दगडूने बघितले. 

मालनची आई या वाटेने एकदाच आली होती. गांधीजी गेले त्याच्या पुढच्या माघात, रथसप्तमीलाच. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. मी पोते बांधत होतो आणि ती म्हणाली, "दरसाल कल्याण कल्याण करता. एकदा दाखवा तरी, काय हाय त्या." म्हटले, बारा कोस चालवेल का? तर म्हणाली, "तुमी चालता ना? तुमच्यापेक्षा मी बारीक हाय." डोक्यावर भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन ती या पायऱ्या अशी उतरली की मी खाली पोचायच्या आधी ती खाली बसून करवंदीच्या काट्याने पायातला काटा काढत होती. खिंडीतल्या राशीवर तिने दगड नाही टाकला. वरचा एक ढासळलेला उचलून नीट बसवला. "टाकायचा कशाला? रचावा," म्हणाली.

आसनगावला सपाटी लागली. तिथून वाट रेल्वेच्या सोबतीने जाते. सपाटीवर माझा पाय नेहमी अडखळतो, डोंगरावर नाही. दगडूचे उलटे. सपाटीवर त्याला गाणे सुचते. वाशिंद येईपर्यंत तो गात होता आणि मी पाट्या वाचत होतो. फाटकावरची, चहाच्या टपरीवरची, भिंतीवर गेरूने लिहिलेली. बावीस वर्षे ही सगळी चित्रे होती. आता ती बोलत होती. बहुतेक काही विशेष सांगत नव्हती, "येथे उभे राहू नये" वगैरे. पण बोलत होती.

वाशिंदच्या पुढे भातसा नदी लागते. माघात गुडघाभर पाणी. आम्ही मधल्या खडकावर ओझी टेकली आणि पाण्यात पाय सोडून भाकऱ्यांची गाठोडी उघडली. इथेच मालनची आई बसली होती. तिने विचारले होते, "एवढा पाणी जाता कुठं?" मी सांगितले, पुढे काळूत मिळते, मग उल्हासात, मग कल्याणच्या खाडीला. ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग भाकरीचा एक तुकडा सोडला पाण्यात. म्हणाली, "जा रे पुढं. आमी येतोच."

मीही एक तुकडा सोडला. दगडू म्हणाला, "माशांना घालतोस आन् मी इथं ठेचा चाटतोय?"

"घे." अर्धी भाकरी त्याला दिली.

"सहदेव," तो घास चावता चावता म्हणाला, "तू कशाला चाललायस ते मला ठाव नाय असा नाय. वहिनी आलेली तो दिवस आज. होय ना?"

मी मान हलवली.

"मग तसा बोल की. मघापासून अण्णा न् चटई लावलीस." त्याने पाण्यात हात धुतले. "पण एक सांग. अक्षरं कशाला शिकलास? आमी सगळे सही शिकलो न् मोकळे झालो. तू दोन हिवाळे बसलास. त्या बाई पण कंटाळल्या असतील."

उत्तराबाई कंटाळल्या नव्हत्या. त्या डोंबिवलीच्या, पायथ्याच्या शाळेवर मास्तरीण म्हणून आल्या होत्या. पोरांची शाळा सुटली की म्हाताऱ्यांची भरवीत. आम्ही सहा जण होतो. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारले, "तुमचं नाव काय?" आणि ज्याचे त्याचे नाव पाटीवर लिहून दिले. "हे गिरवा." महिन्याभरात सहाही जणांना सही आली. पाच जण घरी बसले. मी गेलो पुन्हा.

"सहदेव, तुम्हाला नाव येतं की आता," बाई म्हणाल्या. "आणखी कुणाचं लिहून देऊ? सांगा."

तिथेच तर अडले होते. जे नाव मला हवे होते ते मला सांगता येत नव्हते. सांगितल्याशिवाय त्या लिहून कसे देणार? मी म्हणालो, "सगळी अक्षरं शिकवा बाई. मी माझा लावून घेईन." त्यांनी कारण विचारले नाही. अ पासून ज्ञ पर्यंत, काना, मात्रा, वेलांटी, सगळे शिकवले. घरी आल्यावर मी चुलीपुढची राख पसरून बोटाने ते नाव लिही आणि पुसून टाकी. ते बरोबर आहे की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. दाखवणार कुणाला?

म्हणून अण्णांची वही. आम्ही दोघे आलो त्या संध्याकाळी मी ओट्याखाली उभा होतो, ती खांबाआड. अण्णांनी दौतीत दोनदा टाक बुडवला होता आणि दोन ओळी लिहिल्या होत्या. मी डोळ्यांनी पाहिले होते. एक ओळ माझी, दुसरी तिची. शिकलेल्या माणसाने लिहिलेली. ती एकदा बघायची, राखेतल्या माझ्या अक्षरांशी ताडून बघायची. बरोबर असले तर मग मी ते कुठेही लिहायला मोकळा होतो.

यातले मी दगडूला काही सांगितले नाही. "पोथी वाचीन म्हणतो," एवढे म्हटले.

"वाच, वाच. मला पण ऐकव. पण शिकेकाई लांब ठेवून."

खडवलीच्या स्टेशनाशी आम्ही थांबलो. पिवळ्या पाटीपुढे मी उभा राहिलो आणि मोठ्याने वाचले. "ख, ड, व, ली. खडवली."

"मग?" दगडू म्हणाला. "आजवर काय कसारा होता इथं? तू वाचला नव्हतास तवा पण माझी बहीण खडवलीतच नांदत होती." मग त्याने आवाज बदलला. "दुपारची गाडी हाय. बस तीत. सावलीत जाशील."

"एकदा बसलो होतो, हा पोता घेऊन. विसरलास? अख्खा डबा शिंकायला लागला. पुढच्या स्टेशनाला मला उतरवला."

दगडू हसत हसत खाली बसला. मग उठला, माझ्या पोत्याची सैल झालेली दोरी ओढून बांधली आणि म्हणाला, "तिथं चूल पेटवशील तवा एक लाकूड माझ्या नावाचा घाल. वहिनीला सांग, दगडूभावजी आठवण काढतो." आणि मागे न बघता बहिणीच्या गावाकडे चालू लागला.

दुपार एकट्याने काढली. मला एकटे चालायला आवडते. माणूस सोबत असला की वाटेकडे लक्ष राहत नाही. टिटवाळ्याला माघी गणपतीची माणसे अजून परतत होती. बायांच्या डोक्यावर रिकाम्या परड्या, पोरांच्या हातात कागदाची भिरभिरी. काळू ओलांडली. मोहन्याला कारखान्याची चिमणी दिसू लागली. मालनची आई आली तेव्हा ती चिमणी अर्धीच बांधून झाली होती, भोवती बांबूंचा सांगाडा होता. तिने विचारले, इथे काय करणार? मी ऐकलेले सांगितले, लाकडाचा लगदा करून त्याचे रेशीम काढणार. ती हसत सुटली. "लाकडाचा रेशीम? मग आपल्या डोंगराला किती लुगडी नेसवता येतील!" पुढे नदीचा काठ येईपर्यंत ती अधूनमधून हसत होती. उल्हासाच्या होडीत बसल्यावर मात्र गप्प झाली आणि माझ्या धोतराचा सोगा घट्ट धरून बसली. पाणी ओलांडल्यावरच सोडला. मी यंदा होडीत बसलो तेव्हा सोगा माझा मीच मुठीत धरलेला होता, हे मला पलीकडे उतरल्यावर कळले.

कल्याणात शिरलो तेव्हा पाय जड झाले होते, पण ते नेहमीचे. बाजारात दिवे लावायची वेळ. धर्मशाळेच्या ओट्यावर पोचायच्या आधीच आतून एक शिंक ऐकू आली. मग दुसरी.

"शिकेकाई आली!" अण्णांचा आवाज. "सहदेव, पोतं बाहेरच ठेव रे. आज आत माणसं फार आहेत, जत्रेची. सगळी शिंकू लागली तर छप्पर जाईल."

अण्णा थकले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या मेजाशी एक पत्र्याची पेटी आणि वळकटी तयार होती.

"उद्या चाललात?" मी विचारले.

"सकाळच्या गाडीने. आमची शुभदा न्यायला यायची आहे. म्हणते, आता पुरे. लोकांना झोपवता झोपवता तुम्ही म्हातारे झालात." त्यांनी वही पुढे ओढली. "ये, अंगठा दे. शेवटचा."

"अण्णा, अंगठा नको. आणि आधी एक काम हाय. माळ्यावरच्या वह्या गेल्या का?"

"उद्या जायच्यात. का रे?"

"एक बघायचीय. गांधीजी गेले त्याच्या पुढचा माघ. रथसप्तमी."

अण्णांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितले.  जत्रेतल्या एका तरण्या माणसाला माळ्यावर चढवले, लाल फडक्यात बांधलेल्या वह्या उतरवल्या, एकेक झटकली. ओट्यावरची माणसे आता धुळीने शिंकू लागली. चौथ्या वहीवर अण्णा थांबले, पंचांग आठवीत बोटे मोजली आणि पान काढले.

"हे बघ. वाचू का?"

"मी वाचतो."

अण्णांचे हात तसेच राहिले. मग त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे केली आणि कंदील जवळ सरकवला.

मी बोट ठेवून वाचले. वेळ लागला. अण्णांचे अक्षर वळणदार होते आणि उत्तराबाईंचे सुटे. "सहदेव धाकू निमसे. माहुलीची माची. शिकेकाई." त्याच्याशेजारी माझा अंगठा, काळा, जरा तिरपा. मग खालची ओळ. मी आधी डोळे पुसले आणि मग वाचली.

"सोबत मंडळी एक. चटया दोन." आणि त्याच ओळीत मागून, बारीक अक्षरांत घातलेले, "तिसरी चूल नव्याने घालून दिली."

मी पुन्हा वाचले. मग पान उलटले, मागे बघितले, पुन्हा त्या पानावर आलो.

"काय शोधतोस?" अण्णा हळूच म्हणाले.

"नाव."

"कुणाचं?"

मी त्या ओळीवर बोट ठेवले. अण्णांना कळले. त्यांनी चष्मा काढला.

"सहदेव, मी तुला विचारलं होतं, सोबत कोण. तू म्हणालास, मंडळी. मी मंडळी लिहिलं."

"तुमाला ठाव नव्हता?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मला वाटला, लिवणाऱ्याला ठाव असता."

हे बोलल्यावर मला माझेच हसू यायला हवे होते. पण खरेच, अक्षर येत नव्हते तोवर मला तसेच वाटे. टाक फिरतो आहे म्हणजे जे खरे आहे ते उतरत असणार. माणसाने सांगितल्याशिवाय टाकाला काही कळत नाही, हे मला वाचायला लागल्यावरही सुचले नव्हते.

"खांबाआड उभ्या होत्या," अण्णा म्हणाले. "त्यांनाच विचारायला हवं होतं. पण परक्या बाईला तिच्या घरधन्यासमोर नाव काय विचारायचं? मला बरं दिसलं नाही." त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. "आपण दोघेही फार सभ्य होतो, सहदेव."

मी ओट्यावर बसून राहिलो. आत तिसऱ्या चुलीवर कुणाचे तरी कालवण रटरटत होते. धर्मशाळेत पाच चुली होत्या. चार धुपत. तिसरी नाही. त्या दिवशी बारा कोस चालून आल्यावर, डोळ्यांत धूर गेला म्हणून, ही उठली होती. "ह्या चुलीचा तोंडच चुकलाय," म्हणत तिने ती पाडली आणि तळ्याकाठची माती आणून, मी नको नको म्हणत असता, नवी घातली होती. ओली चूल वापरता येईना म्हणून त्या संध्याकाळी आम्ही उरलेल्या थंड भाकऱ्याच खाल्ल्या. नंतर येणाऱ्या कावडीवाल्यांनी तिला घाटवालीची चूल म्हणायला सुरुवात केली. तिच्यासाठी माणसे आधी नंबर लावीत.

"त्या कशा आहेत?" अण्णांनी विचारले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "असं." आणि जुनी वही मिटली.

थोड्या वेळाने त्यांनी आजची वही माझ्यापुढे ठेवली. टाक दौतीत बुडवून, जादा शाई काठावर निथळून माझ्या हातात दिला.

"अंगठा नको म्हणालास ना?"

मी वाकलो. सहदेव धाकू निमसे. कागदावर टाक राखेतल्या बोटासारखा चालत नाही, मध्येच अडतो. गाव लिहिले. शिकेकाई लिहिले. मग पुढे रकाना होता, त्यावर अण्णांनी स्वतःच आखून लिहिलेले होते, "सोबत". त्या रकान्यात मी थांबलो. अण्णा दुसरीकडे बघत होते. ओट्यावरची माणसे आपापल्या गाठोड्यांत होती.

मी लिहिले. सावकाश, चार अक्षरे, त्यांचे सगळे काने, मात्रा. शेवटचे अक्षर रकान्याबाहेर गेले. टाक खाली ठेवला.

"अण्णा, बरोबर हाय का?"

"कशावरून सांगू? तू वाचून दाखव, मग सांगतो."

मी मान हलवली.

"बरं, नको," अण्णा म्हणाले. चष्मा लावला, कंदील उचलून वहीवर धरला, आणि वाचले. 

"हौसाबाई."

मी हे नाव कुणाला सांगितले नव्हते. ना उत्तराबाईंना, ना दगडूला, ना अण्णांना. माझी आई गेल्यापासून ते मी कुणाच्या तोंडून ऐकलेही नव्हते. आणि आता ते अण्णांच्या तोंडून आले, जसेच्या तसे.

"हे बरोबर आहे का, ते तू सांग," अण्णा म्हणाले.

"बरोबर हाय," मी म्हणालो.

अण्णांनी शाईवर चिमूटभर वाळू टाकली, फुंकली. मग पुढच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले, "चटया दोन." उठून कोपऱ्यातल्या ढिगातून दोन चटया काढल्या. त्या दिवशी त्या ढिगात फारशा उरल्या नव्हत्या. जत्रेची बरीच माणसे दोघांत एक घेऊन बसली होती. अण्णांनी त्या माझ्या हातात दिल्या.

"अण्णा, माणसं जास्त हायेत," मी म्हणालो.

"नियम आहे," ते म्हणाले. "उद्या नवा कारभारी येईल, तो त्याचे नियम करील. आज माझा आहे."

मी आत गेलो. तिसऱ्या चुलीवरचे कालवण उतरले होते. मी पीठ मळले, भाकऱ्या थापल्या आणि दगडूच्या नावाचे एक लाकूड आत सारले. धूर नव्हता. जेवण झाल्यावर तिच्याच मागच्या भिंतीशी मी चटया अंथरल्या. एक माझी, एक भिंतीकडची. पाय पसरले. बारा कोस चालून आल्यावर पाय पसरण्यासारखे सुख नाही.

टिटवाळ्याहून आलेला एक माणूस जागा शोधत आत आला. भिंतीकडची मोकळी चटई बघून थांबला.

"काका, ही कुणाची आहे का?"

"हाय," मी म्हणालो. "वहीत नाव हाय."

तो बरं म्हणाला आणि पुढे गेला.